तीनशे अंशांपर्यंत माती

गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेल्या चौदा ताटल्यांपैकी एक ताटली रिकामी होती. संघमित्राला आधी वाटलं, वाऱ्यानं उडाली असेल माती. पण मार्चातल्या त्या दुपारी जळगावात पानही हलत नव्हतं, आणि वाऱ्यानं अशी एकच ताटली निवडून पुसून नेली नसती. चिठ्ठी जागच्या जागी होती. क्रमांक अकरा, बोरीकाठ, तालुका पारोळा, खोली दीड फूट. अक्षर तिचंच. ताटलीच्या तळाशी बोटांच्या ओल्या रेघा उमटल्या होत्या, लहान मूल श्रीखंडाची वाटी निपटतं तशा. ती ताटली हातात धरून ती बराच वेळ उन्हात उभी राहिली. कॉलेजातलं कोठार रंगवायला काढलं होतं म्हणून नमुने घरी आणले होते, डिसेंबरात चार दिवस हिंडून नद्यांच्या काठांवरून गोळा केलेले. आत दिवाणावर माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेली नव्हती. संघमित्रा जवळ गेली तेव्हा मायच्या ओठांच्या कोपऱ्यात राखाडी रेघ दिसली.

"माय, ती माती कुठं गेली?"

"मी खादी," मंदाबाई म्हणाली. लपवलं नाही, उठलीही नाही. "मन्हा माहेरनी शे ती. वासवरथून वळखी."

बाकीच्या तेरा ताटल्यांना तिनं हात लावला नव्हता. गिरणेची, वाघूरची, तापीची माती तशीच होती. संघमित्राला एखाद्या नमुन्याचं गाव ओळखायला यंत्रावर दोन दिवस लागले असते, तेही खात्रीनं सांगता आलं नसतं. मायनं डोळे मिटूनच ओळखलं होतं. हे मनात आलं तशी तिला स्वतःचीच लाज वाटली. अडुसष्ट वर्षांच्या आईच्या पोटात ओंजळभर माती गेलेली, आणि आपण नमुन्याचा विचार करतोय.

मग भुसावळ आठवलं. रेल्वेच्या चाळीतली ती खोली, दाराआड पाठमोरी उभी असलेली माय, तिचा हलणारा जबडा आणि करकर असा अगदी बारीक आवाज. लहानपणी संघमित्राला वाटायचं, माय एकटीच गूळ खाते. एकदा तिनं आणि धाकट्या भावानं, प्रशीलनं, मायचा डबा शोधून काढला, पिठाच्या डब्यामागचा, आणि आत तव्यावर भाजलेल्या मातीच्या खपल्या निघाल्या. आबांना सांगायचं की नाही यावर दोन दिवस खल केला. शेवटी प्रशीलनं सांगितलं. आबा म्हणजे आधार सपकाळे, लोहमार्गावरचे गँगमन, कमी बोलणारे. त्यांनी डबा उचलला, बाहेर नेऊन गटारीत उपडा केला, पाण्यानं विसळला आणि परत जागेवर ठेवला. महिन्याभरात डबा पुन्हा भरलेला होता आणि या वेळी कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. पुढं शाळा, कॉलेज, जळगावची नोकरी, खानदेशातल्या चिकणमातीवर केलेला प्रबंध. हाच विषय का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, आपल्याकडच्या मातीवर कुणी काम केलेलं नाही. हे उत्तर तिला स्वतःला खरंच वाटत आलं होतं. आता ती रिकामी ताटली धुवत होती. आपण निवडलं असं जे वाटत होतं ते केव्हाच आपल्याला निवडून बसलेलं असावं, त्या दाराआडच्या करकरीपासून.

डॉक्टरांना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मायचं रक्त दोन वर्षांपासून उतरत होतं. साडेआठ, सात, आणि आता पाच पूर्णांक आठ. गोळ्या झाल्या, सिरप झालं, बीट झालं, काही लागू पडत नव्हतं. पोटात दुर्बीण घालून बघू म्हटलं की माय नकाराची मान हलवायची आणि मग कुणाचंच चालायचं नाही. डॉक्टरांनी मातीचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही तर ह्याच विषयातल्या. आम्ही वरून लोह देतोय आणि ही माती आत बसून ते धरून ठेवतेय. आधी माती बंद करा."

"मातीमुळं रक्त कमी झालं का?"

"असेल. किंवा रक्त कमी म्हणून मातीची इच्छा होते, असंही असतं. चाळीस वर्षांनी आता काय सांगणार?"

माती यायची भिकुबाईकडून. भिकुबाई मायची गावची मैत्रीण, महिन्यातून एकदा डोळे दाखवायला जळगावला यायची आणि पिशवीत भाजीखाली पुडकं आणायची. संघमित्रानं तिला हात जोडून नको म्हणून सांगितलं. भिकुबाई रडायच्या बेतात आली, पण कबूल झाली. मायनंही शब्द दिला आणि नऊ दिवस पाळला. त्या नऊ दिवसांत ती अर्धी भाकरीही खाईना. दुपारी कॉलेजातून लवकर आलेल्या संघमित्राला ती गॅलरीत दिसली. कोरड्या पडलेल्या तुळशीच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून, त्यावर वाकून, डोळे मिटून नुसती वास घेत बसलेली. संघमित्रानं हाक मारली नाही. ती पाऊल न वाजवता मागं सरली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेली मांडत बसली. कुणाचं तरी खाजगी काही बघितल्यासारखं तिला झालं होतं.

एमएस्सीच्या वर्गात त्याच आठवड्यात माती तापवण्याचा धडा आला. फळ्यावर तिनं नेहमीचा आलेख काढला. माती तापवत न्यायची आणि वजन करत जायचं. शंभर-दीडशे अंशांपर्यंत पहिली पायरी उतरते, ते थरांमधलं पाणी. मातीचा कण म्हणजे कागदांची चळत समजा, त्या कागदांच्या फटीत हे पाणी मुक्कामाला असतं. गेलं तरी बिघडत नाही. माती तापवलेली मूस टेबलावर उघडी ठेवा, पावसाळी हवेत ते परत येऊन बसतं. पुढं बराच वेळ रेघ सरळ जाते, माती सोसत राहते. मग पाचशेच्या आसपास दुसरी पायरी. आता जातं ते पाणी फटीत राहायला आलेलं नसतं, तो त्या कागदाचाच भाग असतो, उष्णतेनं तोडून बाहेर काढलेला. ते गेलं की कागद एकमेकांवर बसतात, चिकटतात. "ह्यानंतर," ती म्हणाली, "ही माती पाणी परत घेत नाही. फुगत नाही, विरघळत नाही. बाहेरचं काहीच धरून ठेवत नाही." खडू तिथंच थांबला. मुलं वहीतून मान वर करून बघत राहिली. बाहेरचं काहीच धरून ठेवत नाही. म्हणजे लोहही नाही.

शनिवारी तिनं बोरीकाठची पिशवीत मागं राहिलेली माती मुशीत भरून विजेच्या मफल भट्टीत सातशे अंशांवर तीन तास ठेवली. प्रयोगशाळेतल्या पंडितभाऊंनी विचारलं, "मॅडम, हा अकरा नंबर परत?" ती हो म्हणाली. भट्टीच्या दाराच्या फटीतून दिसणारा तो नारिंगी उजेड बघताना तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. मायच्या गोळ्यांतलं लोह पाण्यात उतरवून तिनं दोन चंचुपात्रांत घातलं, एकात कच्ची माती, दुसऱ्यात भाजलेली, ढवळून, गाळून, रंगाचे थेंब टाकले. लोह उरलं असेल तितकं पाणी लाल होणार होतं. कच्च्या मातीचं पाणी फिकट, पोह्यांच्या पाण्यासारखं. भाजलेल्या मातीचं लालभडक. आपण आईसाठी काहीतरी केलं असं तिला त्या पात्राकडे बघताना वाटलं, आणि तो लाल रंग तिनं खिडकीच्या उजेडात पुन्हा पुन्हा धरून पाहिला.

घरी गेल्यावर तिनं पुडी मायच्या हातात दिली आणि म्हणाली, भिकुमावशीनं पाठवली. खोटं बोलायची सवय नव्हती, आवाज चिरकला. मायनं पुडी उघडली. राखाडीचा तांबूस झालेला तो तुकडा नाकाशी नेला, जिभेवर ठेवला, दातांनी फोडला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग उठली, मोरीत जाऊन थुंकली आणि चूळ भरली.

"ही माती नई, ईट शे," ती म्हणाली. "इरघळत नई. तू करी ना हाई?"

संघमित्रानं सगळं सांगून टाकलं. थर, पाणी, लोह, भट्टी, सातशे अंश. विद्यार्थ्यांना सांगते त्याहून सोपं करून, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की मायला आपण आजवर आपल्या कामातलं एक अक्षरही सांगितलेलं नाही. प्रबंधाची प्रत घरात आली तेव्हा आबांनी ती तथागतांच्या मूर्तीपुढं ठेवली होती, मायनं वरची धूळ पुसायचं काम तेवढं घेतलं होतं. मंदाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग थोडी कमी भाज," ती म्हणाली. "इरघळाले बी पाहिजे, आन् तुन्हं ते लोखंड बी सुटाले पाहिजे. तितलंच भाज."

इतकं साधं होतं ते. संघमित्रा हसली, आणि मग हसू थांबलं, कारण असा एखादा अंश खरंच असू शकत होता. मधे कुठंतरी. पुढचे पाच आठवडे ती तो शोधत राहिली. दोनशे, अडीचशे, तीनशे, दर पन्नास अंशांना एक पुडी, वर तिच्या अक्षरात आकडा. प्रयोगशाळेत पाण्याचा रंग बघायचा, घरी मायची जीभ. जिभेवर फक्त हरभऱ्याएवढा तुकडा, चव बघून थुंकायचा, अशी अट तिनं घातली आणि माय ती पाळते असं स्वतःला पटवलं. संध्याकाळी चहा झाला की माय पाटावर बसायची, पुढं पुड्या, शेजारी पाण्याचं भांडं. दोनशेची तोंडात टाकून ती म्हणायची, ही तव्यावरनी. तीनशेची, ही चांगली शे, जराशी कोरडी. साडेतीनशे, जीभले चिकटस, पन उतराले टाईम लागस. चारशेला तिनं खूप वेळ घेतला आणि म्हणाली, ही म्हतारी व्हई गई. संघमित्रा हे सगळं वहीत उतरवून घेत होती, शब्द न बदलता. तिच्या खात्यात कुणालाही ही चव लिहिता आली नसती. घरात ह्यापूर्वी कधी दोघी इतका वेळ समोरासमोर बसल्या नव्हत्या.

अशाच एका संध्याकाळी तिनं विचारलं, "माय, तुला ही लागली कधी?"

"पहिलटकरीन व्हतू तव्हय. भुसावळले. तुन्हा आबा लाईनवर जायेत, घरमा मी एकलीच. भिंत सारवाले माती आनेल व्हती, तिना वास उना."

"माझ्या वेळी?"

"तू दुसरी," माय म्हणाली. "तुन्हा पहिले एक पोर व्हती. एकोनीस दिन जगनी. ती गई, हाई राही गई."

एवढं बोलून तिनं साडेतीनशेच्या पुडीची घडी घातली. संघमित्राला त्रेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला विचारायचं होतं, नाव काय होतं, दिसायला कशी होती, आबा तेव्हा काय म्हणाले. पण मायच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, दुःखही नव्हतं, आणि त्यामुळं विचारायला जागाच उरली नव्हती. आपण घरातली थोरली, अक्का, सगळ्यांचं बघणारी. ही जागा आधी दुसऱ्या कुणाची तरी होती आणि ती रिकामी झाली म्हणून आपल्याला मिळाली. त्या दिवशी तिनं वहीत काही लिहिलं नाही.

तसा अंश नव्हता. मेच्या पहिल्या आठवड्यात हे तिला पक्कं कळलं. तीनशेपर्यंत माती माती असते, जिभेवर उतरते, आणि लोह कच्चीइतकंच पिते. साडेतीनशेची पीत होती, चारशेची पीत होती. साडेचारशेला पाण्यात थोडा लाल रंग उरू लागला, पण साडेचारशेची खपली मायच्या तोंडात खड्यासारखी राहिली. तिनं दहादहा अंशांनी पाहिलं, भट्टीत जास्त वेळ ठेवून पाहिलं, कमी वेळ ठेवून पाहिलं. मातीनं लोह सोडायचं तर आधी तिला विरघळणं सोडावं लागत होतं. पंडितभाऊंनी एकदा दबकत विचारलं, "मॅडम, हे कुठल्या प्रकल्पात दाखवायचं?" तिनं पात्रं विसळायला घेतली. सिंकमध्ये तो लाल रंग पाण्याबरोबर फिरत निघून गेला. मायला कसं सांगायचं, याचा ती रिक्षात विचार करत होती.

सांगायची वेळ आली नाही. दार माय उघडेना, शेजाऱ्यांकडची किल्ली आणून आत गेली तर माय स्वयंपाकघरात कुशीवर पडलेली, शुद्धीत, पण ओठ कागदासारखे पांढरे. प्रशील धुळ्याहून दोन तासांत गाडी घेऊन आला. तो पाटबंधारे खात्यात अभियंता, तिच्याहून चार वर्षांनी लहान, अजूनही तिला विचारल्याशिवाय मोठं काही न ठरवणारा. मायला गाडीत बसवण्याआधी तिची औषधं घ्यायला त्यानं फडताळ उघडलं, आणि औषधांच्या शेजारी ओळीनं लावलेल्या पुड्या बाहेर काढल्या. २००. २५०. ३००. अक्षर ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तीनशेच्या पुड्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

"अक्का, हे काय?"

ती सांगू लागली. दुसऱ्याच वाक्याला तिला ऐकू आलं की आपण काय बोलतोय.

"तू तिला माती भाजून देत होतीस," प्रशील हळू आवाजात म्हणाला. "तू. पीएचडी झालेली. भिकुमावशीला माती आणायची बंदी केली तू, आणि स्वतः..." त्यानं हातातली पुडी खाली ठेवली. "आबा असते तर काय केलं असतं?"

आबांनी काय केलं असतं हे दोघांनाही माहीत होतं. ते करून काय झालं होतं, हेही. पण प्रशील बरोबर होता. रिकाम्या पुड्या बघून संघमित्राला हेही समजलं की हरभऱ्याएवढा तुकडा ही अट फक्त संध्याकाळच्या पाटापुरती होती, आणि तिला ते आतून माहीत होतं. पाच आठवडे तिला माहीत होतं. ती चव लिहून घेत राहिली, कारण माय तिच्याशी बोलत होती.

धुळ्याला, प्रशीलच्या ओळखीच्या दवाखान्यात, मायला रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. नऊवर आलं. मग प्रशीलनं तिला स्वतःकडेच ठेवून घेतलं, देवपूरच्या घरात. संघमित्रानं अडवलं नाही, अडवायचा अधिकार तिनं फडताळात ठेवून दिला होता. रोज फोन करायची. माय फोनवर हं म्हणायची. जूनमध्ये पुन्हा सात झालं. आता तर माती नव्हती, तरी उतरत होतं. तिथल्या डॉक्टरांनीही दुर्बिणीचं विचारलं आणि मायनं मान हलवली.

जुलैच्या एका रविवारी ती धुळ्याला गेली. सकाळी निघण्याआधी कॉलेजात जाऊन सोमवारच्या प्रात्यक्षिकाची माती खलात कुटून ठेवावी लागली, पंडितभाऊ रजेवर होते. तिथूनच तिनं एसटी पकडली. सपनानं, प्रशीलच्या बायकोनं, दार उघडलं. घर चकचकीत होतं. गॅलरीतल्या कुंड्या काढून टाकल्या होत्या, त्यांचे गोल डाग फरशीवर राहिले होते. सपनानं तिला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "अक्का, मी सगळं करते त्यांचं. पदराची गाठ बघते, उशीखाली बघते. मलाच कसंतरी होतं हो. दोन चमचे वरणभात खातात, बस. दिवसभर तोंड हलत असतं, आत काही नसतं. तुम्ही तरी समजवा."

"मी काय समजावू," संघमित्रा म्हणाली.

"मला वाईट नका ठरवू."

"नाही ठरवत. तुम्ही दोघं करताय तेच बरोबर आहे."

हे तिला खरंच तसं वाटत होतं. आतल्या खोलीत माय खिडकीजवळ पलंगावर बसली होती. स्वच्छ पांढरं पातळ, विंचरलेले केस, नखं बारीक कापलेली. इतकी नीटनेटकी माय तिनं कधी पाहिली नव्हती. खांद्याची हाडं पातळातून वर आली होती. सपना म्हणाली तसा तिचा जबडा हलत होता, सावकाश, न थांबता. संघमित्रा शेजारी बसली. जळगावातलं काही सांगितलं, भिकुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. मायनं ऐकलं की नाही कळलं नाही. मग तिनं विचारलं, "तो अंश सापडना का?"

"नाही माय. नाहीच तसा."

"मालेबी वाटनं व्हतं," माय म्हणाली. तिला समजावायला म्हणूनच बोलल्यासारखी. "तुन्ही लई कोशिस करी."

बाहेर प्रशीलच्या गाडीचा आवाज आला, फाटक वाजलं. तिनं मायच्या गुडघ्यावर हात ठेवला. माय त्या हाताकडे बघत राहिली. जबडा थांबला. तिनं तो हात दोन्ही हातांत उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. संघमित्रानं घाईत पाण्याखाली धरलेले हात, नखांत सकाळची माती तशीच. तिच्या ते आता ध्यानात आलं. माय एकेक बोट हुंगत गेली. मग तिनं अंगठ्याशेजारचं बोट तोंडात धरलं. दात नाही लावले. तिची जीभ कोरडी होती, गरम होती, आणि ती नखाखाली अगदी हळू फिरत होती. दारात प्रशील येऊन उभा राहिला, हातात औषधांची पिशवी. त्यानं आधी मायकडे पाहिलं, मग संघमित्राकडे. तो काही म्हणेल म्हणून ती थांबली. त्यानं पिशवी दाराशी खाली ठेवली. तोंडातलं बोट बाहेर आलं, आणि मायनं दुसरं धरलं. संघमित्रानं हात मागं घेतला नाही.